खांबाला एरंडेल

सुनेत्राला एका जागी बसणं जमायचं नाही. पोस्टात खिडकीमागे बसली तरी टेबलाखाली पाय हलत असायचे. शाळेत मुलांना लाकडी मल्लखांब आणि मुलींना दोर, अशी वाटणी होती. दोरावर तिने बक्षिसं मिळवली, पण डोळा खांबावरच. पुढे लग्न झालं, नोकरी लागली, चाळिशी आली. पाय काही थांबले नाहीत.

२००७ साली मांडवीतली तिची शेजारीण झरीन दुबईहून परतली.

"अगो, तिथे जिममध्ये बायका स्टीलच्या खांबाला लटकून व्यायाम करतात. आपल्यासारख्या, पोराबाळांच्या!"

झालं. सुनेत्राला जेवण गोड लागेना. आठवड्याभरात मिरजोळ्यातल्या वर्कशॉपातून पाइप आला आणि राजाभाऊंच्या रिकाम्या आंब्याच्या शेडमध्ये जमीन आणि तुळईच्या मध्ये घट्ट बसला. राजाभाऊ तिचे चुलतसासरे. 'व्यायामाला जागा हवी' एवढंच तिने त्यांना सांगितलं होतं. पाच बायका यायला लागल्या, आणि बातमी बाजारभर फिरून राजाभाऊंच्या कानावर आलीच.

"रविवारी तुझ्या काकूला, काशीला आणतो," ते म्हणाले. "तिला पटलं तर ठीक. नायतर सोमवारी पाइप बाहेर."

रविवारी सुनेत्रा हाफ पँटमध्ये. सुनेकडे बघायचं कसं? म्हणून राजाभाऊ उलट्या क्रेटवर, भिंतीकडे तोंड करून बसले. काशीकाकू पदर खोचून समोर.

रोज या बायका कोरड्याच खांबावर चढायच्या. पण आज परीक्षा! शाळेत परीक्षेला मुलं खांबावर एरंडेल चोळून, नमस्कार करूनच चढत. सुनेत्राने सकाळीच येऊन मनोभावे तेल चोळलं होतं. लाकूड तेल पितं. स्टील काय पिणार?

ती चढली आणि सर्रकन खाली आली. धप्प!

"पडली?" भिंतीकडून आवाज आला.

"नाय, बसली," काकू म्हणाल्या.

झरीनने खांबावरून बोट फिरवून वास घेतला. "या अल्ला! सुनेत्रा, खांब तळायचाय काय गो?"

बायका हसून लोळल्या. सुनेत्राच्या डोळ्यांत पाणी. सोमवार समोर दिसत होता. झरीन मात्र शेजारच्या चुलीतली राख घेऊन आली, आणि तेलकट पातेली घासायची सवय असलेले दहा हात खांबाला लागले.

सुनेत्रा पुन्हा चढली. तुळईपाशी पोचली, मांड्यांची पकड घेतली आणि हात सोडून उलटी झाली.

भिंतीकडून पुन्हा आवाज आला.

"काशी, काय झालं? बोल की!"

काकूंनी बांगड्या कोपराकडे सरकवल्या.

"तुम्ही बाहेर जा बघू. आणि यंदा आंब्याच्या पेट्या पडवीत ठेवा."

"अगं, पण..."

"जा म्हणते ना! मला पण चढून बघायचंय."

वर उलट्या लटकलेल्या सुनेत्राने ते ऐकलं. आता निवांत उतरायचं, तर तिची नजर शेजारच्या तुळईवर. तिथे दुसरा पाइप बसला असता.