मागच्या दारची अंडी

आमच्या कॉलनीत कुत्री चालतात. ती दुसऱ्याच्या फाटकापाशी बसली तरी चालतात, येणाऱ्या-जाणाऱ्यावर धावून गेली तरी चालतात, कारण त्यांना विलायती नावं आहेत आणि हिवाळ्यात स्वेटर आहेत. पोपट चालतो, मासे चालतात, कोपऱ्यावरच्या घराच्या गच्चीत कबुतरं आहेत तीही चालतात. चालत नव्हत्या त्या फक्त माझ्या कोंबड्या. मी काय केलं ते पुढे सांगतेच, पण त्याबद्दल मी कुणाची माफी मागितलेली नाही आणि मागणारही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं घर इकडे हिंदी मुलखात, तेलीबांध्याच्या तलावामागे. नवरा रेल्वेत होता तेव्हा घेतलेल्या प्लॉटवर बांधलेलं. मागच्या बाजूला एक खोली काढली होती, ती आम्ही भाड्यानं द्यायचो. तिथे एक जोडपं राहायचं. तो उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये शिफ्टला जायचा, ती जिन्याखालच्या जागेत एक कोंबडी आणि एक कोंबडा पाळून होती. त्याचं काम सुटलं तेव्हा दोघं गावी निघाली. सगळं सामान गाडीत चढल्यावर तिनं पाय बांधलेली कोंबडी माझ्या हातात ठेवली, कोंबडा जिन्याखालीच सोडला. म्हणाली, "दीदी, येमन ला तें राख ले. गांव म अडबड हे." म्हणजे गावी पुष्कळ आहेत, ही दोन्ही तू ठेव. मी "हव" म्हणून बसले. गाडी गेल्यावर लक्षात आलं की आमच्या घरात अंडं शिजत नाही, माहेरी नागपूरलाही कधी शिजलं नाही, आणि मी छातीशी कोंबडी धरून उभी आहे.

नवऱ्यानं चष्मा वर करून पाहिलं. "हे आपल्या घरी राहीन?"

"राहीन."

"मले काही विचारू नको मग," एवढं म्हणून त्यानं पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. त्याचं सगळं आयुष्य या एका वाक्यावर निघालं आहे, त्यामुळे मी ती परवानगी समजले.

आता आमच्यासारख्यांच्या हातूनच होईल अशी चूक झाली. आम्ही अंडी खात नाही, म्हणून मी ती काढलीच नाहीत. कोंबडी घालत गेली, मी बघत गेले. ती खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर ठाण मांडून बसली, जवळ गेलं की फुगून अंगावर यायला लागली. मला वाटलं आजारी आहे, म्हणून मी तिला हळद-पाणी पाजायला गेले आणि बोट फोडून घेतलं. काही दिवसांनी बघते तर तिच्या पंखाखालून पिल्लं बाहेर डोकावताहेत. घरात बारसं असल्यासारखी मी नाचले. मग त्या पिल्लांतल्या पोरी मोठ्या झाल्या, त्याही बसल्या, त्यांचीही निघाली. ज्या घरात अंडं खाल्लं जातं तिथे कोंबड्या आटोक्यात राहतात. आमच्या शाकाहारी घरात मात्र अंगण भरून वाहायला लागलं, आणि त्यातले निम्मे कोंबडे निघाले. कापायचे तर नाहीत, मग ते आरवणारच. एकानं सुरुवात केली की बाकीचे मागे राहायला तयार नसत. मिक्सर लावला तरी आरवत, शेजारचा शंख वाजला तरी आरवत.

शेवटी मुंगसानं मला शहाणं केलं. त्यानं एका घरट्यातली बहुतेक अंडी पळवली, एकच उरलं, आणि कोंबडी तरी तिथेच येऊन घालत राहिली, बसली मात्र नाही. मुंगसाला जमतं ते मला काहून जमू नये, असं म्हणून मी पदर खोचला आणि रोज अंडी काढू लागले. एक ठेवायचं, बाकी कोंड्याच्या डब्यात. कोंबडे दूधवाल्याच्या गावी धाडले, एक ठेवला. आटोक्यात आलं सगळं. पण डबा भरत चालला.

लोक विचारत, एवढा व्याप कशासाठी? खरं सांगते. मुलगा पुण्याला. फोनवर मी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो, "आई, छोड ना ये सब," आणि ठेवून देतो. माझी नोकरी संपलेली. घरात माझ्या येण्याजाण्यानं कुणाला काही फरक पडत नव्हता. आणि सकाळी मी खुराड्याची कडी काढली की सगळ्या पंख पसरून माझ्याकडे धावत सुटायच्या. तांदळाच्या कनकीसाठी धावतात, मला कळत नाही का? तरी धावतात ना. भाजीची देठं टाकली की भांडतात, दुपारी चुलीच्या राखेत लोळतात, नवऱ्याच्या पायजम्याची नाडी किडा समजून ओढतात. मी त्यांच्यात बसते तेव्हा बरी असते. मला एवढं कारण पुरेसं आहे.

डब्यातल्या अंड्यांची वाट माझ्या मैत्रिणीनं काढली. ती आमच्या समोरच्या ओळीत राहते. मुलगा-सून दुबईला, म्हणून घरात ती, तिचा नवरा आणि लहान नातू, एवढीच माणसं. नवरा कॉलनीच्या समितीचा सचिव. भोसल्यांच्या काळापासून इथल्या ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे ब्राह्मणवस्तीत, असलेलं मराठी घराणं, हे तो दर बैठकीत सांगतो आणि हिंदीतच सांगतो. एका दुपारी ती मागच्या गल्लीनं आली, दाराआडून हळूच म्हणाली, "व बाई, अंडे आहेत का? पोट्ट्याले डाक्टरनं सांगितले. आमच्या घरी चालत नाही, पण काय करू? दुकानातून आणले त साऱ्या कॉलनीत होते."

मी दिली. हौसेनं दिली. मग तिच्या मागून दुसरी आली, तिसरी आली. कुणाच्या सुनेचं बाळंतपण झालेलं, कुणाचे केस गळत होते, कुणाचा मुलगा जिमला जात होता. सगळ्या मागच्या गल्लीनं, सगळ्या पदराखाली डबा घेऊन, आणि सगळ्यांच्या घरी चालत नव्हतं. माझं मागचं दार म्हणजे देवळाचं दार झालं. फक्त इथे दर्शन चोरून.

त्यात टरफलांची गंमत. कचऱ्यात टाकली तर घंटागाडीवाला बघेल, बघेल तर बोलेल. म्हणून अंडी नेणाऱ्या टरफलंही मलाच परत आणून देत, काळ्या पिशवीला गाठ मारून. मी ती चुरून कोंबड्यांना घालायची, त्यानं अंड्याचं कवच टणक होतं. पण पिशव्या मीच सोडायची ना, त्यामुळे कुणाच्या घरी किती खपतं ते मला आपोआप कळत होतं. मैत्रिणीच्या पिशवीत एका लहान पोराच्या मानानं टरफलं फारच असायची. मी कधी विचारलं नाही.

आणि मग एका रविवारी समितीची बैठक लागली. विषय, माझ्या कोंबड्या. बागेत खुर्च्या मांडल्या होत्या. कुणी वासाबद्दल बोललं, कुणी आरवण्याबद्दल. तोवर एकच कोंबडा उरला होता, आणि त्याच्यापेक्षा सचिवांच्या स्कूटरचा हॉर्न मोठा आहे. मग सचिव उभे राहिले. "भाभीजी, ये शरीफ लोगों की कॉलोनी है. यहाँ घर-घर में पूजा-पाठ है, अंडा तक नहीं आता. यहाँ मुर्गी नहीं चलेगी." संक्रांतीचा सण आहे, बायकांची हळदीकुंकवं आहेत, म्हणून रथसप्तमीपर्यंत मुदत. त्यानंतर समिती गाडी बोलावून सगळ्या कोंबड्या उचलून नेईल.

मी बायकांच्या खुर्च्यांकडे पाहिलं. माझ्या दारात येऊन गेलेल्या सगळ्या तिथे होत्या, आणि सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. माझी मैत्रीण बांगडी फिरवत बसली होती. मला एवढा राग आला की कान तापले. एक वाक्य बोलले असते तर अर्ध्या कॉलनीचं शरीफपण तिथेच गळून पडलं असतं. पण कुणाच्या नातवाचं, कुणाच्या बाळंतिणीचं नाव घेऊन मला कोंबड्या वाचवायच्या नव्हत्या. मी म्हटलं, "कोंबड्या जाणार नाहीत." आणि उठून आले.

घरी येऊन पहिलं काम केलं ते मागच्या दाराला कुलूप. दुसऱ्या दिवशी दुपारी कडी वाजली, बांगड्यांचा आवाज ओळखीचा होता. मी आतून ओरडले, "पुढून ये." ती गेली. पुढून काही आली नाही. मला वाईट वाटलं, रडूही आलं, पण कुलूप काढलं नाही. अंडी पुन्हा डब्यात साठायला लागली. आणि त्या भरत चाललेल्या डब्याकडे बघता बघता मला सुचलं.

संक्रांत झाल्यावर मी कुंकवाचा करंडा घेऊन निघाले. कॉलनीतल्या मराठी घरांत एकेकीला कुंकू लावलं आणि हळदीकुंकवाचं आमंत्रण दिलं. आमंत्रण मोडायचं धाडस कुणाला होत नाही, त्यातून मी दरवर्षी बरं वाण देणारी. मागे स्टीलचे डबे दिले होते, ते अजून वापरात आहेत. प्रत्येकीला एवढंच सांगितलं, "पुढच्या फाटकातून या व. मागचं बंद आहे."

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी मी तिळगुळाच्या वड्या पाडत होते. मागच्या ओसरीवर गेले तर नवरा पाटावर बसलेला. मांडीवर ओलं फडकं, समोर कोंड्याचा डबा. जन्मात अंड्याला न शिवलेला हा माणूस एकेक अंडं पुसून परातीत ठेवत होता. मी बघतच राहिले.

"मले काही विचारू नको," तो म्हणाला.

मी प्रत्येक अंड्यावर हळदीचं एक बोट ओढलं, कुंकवाचं एक. परात फुलांनी सजवली आणि वर रुमाल घातला.

संध्याकाळी सगळ्या आल्या, काठापदराच्या साड्या, गजरे. फाटकासमोर बागेचा बाक आहे, तिथे सचिव आणि समितीची मंडळी रोज हवा खायला बसतात, तशी बसलेली होती. मी कुंकू लावलं, अत्तर लावलं, तिळगूळ दिला, ओटी भरली. मग रुमाल काढला.

कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. पण वाण नाकारायचं नसतं, हे तिथल्या प्रत्येकीला तिच्या आईनं शिकवलेलं. मी परातीला पदर लावून पहिलीच्या हातावर अंडं ठेवलं, हळदकुंकू लावलेलं, लक्ष्मीसारखं. तिनं घेतलं. दुसरीनं घेतलं. एक जरा वयस्कर होती, तिनं हात आखडला, मला वाटलं परत करते की काय, पण तिनंही घेतलं आणि कपाळाला लावलं. पर्समध्ये ठेवावं तर फुटणार, ओटीतल्या तांदळात ठेवावं तर घरंगळणार. तेव्हा प्रत्येकीला ते हातात धरूनच फाटकाबाहेर पडावं लागलं, नेमकं त्या बाकासमोरून. अंडं घेऊन चालणारी बाई किती जपून चालते ते त्या संध्याकाळी समितीनं नीट पाहिलं असेल.

माझी मैत्रीण सगळ्यात शेवटी होती. मी तिच्याकडे न बघताच तिच्या हातावर अंडं ठेवलं. ती हलेना. मी वर पाहिलं तर तिचे डोळे भरलेले. तिनं एकदा अंड्याकडे पाहिलं, एकदा फाटकाबाहेर नवऱ्याकडे, आणि मग बैठकीत जो आवाज फुटला नव्हता तो तिथे असा फुटला की खुराड्यातल्या कोंबड्याही गप्प झाल्या.

"एकच काहून व? माह्या घरी तिघं खातात!"

बाकावर कुणीतरी खोकलं. मी परातीतून आणखी दोन उचलली आणि तिच्या ओंजळीत ठेवली. ती ओंजळ उघडी धरून, पदराखाली न लपवता, नवऱ्यासमोरून घरी गेली. सचिव चपला शोधू लागले. त्या पायातच होत्या.

रथसप्तमी आली आणि गेली. गाडी आली नाही. मागच्या दाराचं कुलूप मी अजून काढलेलं नाही, आता ते गंजलं आहे. लोक पुढच्या फाटकातून येतात, अंडी मागतात, हवी तेवढी नेतात. परवा सकाळी स्वतः सचिव आले, हातात टरफलांची पिशवी. फाटकावरूनच ती माझ्याकडे द्यायला लागले. मी हात पुढे केला नाही. फाटक उघडलं आणि म्हटलं, "भैया, खुराडं तिकडे आहे. तुम्हीच घाला, पण चुरून घाला, त्यांच्या घशात अडकते."

ते कोंबड्यांसमोर उकिडवे बसले आणि चुरायला लागले.