तीनदा लिहिलेली गोळी

भामरागडकडच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून माझा तो पहिला पावसाळा. दारापर्यंत तापाच्या रुग्णांची रांग. प्रत्येकाच्या केसपेपरवर मी तापाची गोळी लिहीत होते, दिवसातून तीन वेळा. मध्येच एक म्हातारी आली, अंगभर खाज सुटलेली. खाजेची गोळी तिच्या वयाला झोपताना एकच पुरे. हात मात्र सवयीनं ‘तीन वेळा’ लिहून गेला.

चौथ्या सकाळी औषध देणाऱ्या भाऊंनी नोंदवही माझ्यापुढे धरली. ही तीनदाच द्यायची होती का, एवढंच विचारलं. नोंद त्या म्हातारीची होती. त्या गोळीनं गुंगी येते, आणि म्हातारी नदीपलीकडे एकटी राहायची.

पूल पाण्याखाली होता. त्या गावचं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना घेऊन मी डोंग्यात बसले. नदीवर दाट धुकं. मागचा काठ विरला, पुढचा दिसेना. वल्ह्याचा आवाजसुद्धा दुसऱ्याच कुठल्या डोंग्यातून आल्यासारखा वाटत होता. आपण पुढे जातोय की नुसते तरंगतोय, कळेना. मग धुक्यातून कोंबडा आरवला आणि गाव आलं.

म्हातारी पडवीत टेकून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. नाडी ठीक होती. कोपराला खरचटलं होतं. चुलीकडे जाताना तोल गेला, म्हणाली. आशाताई तिच्याशी माडियात बोलू लागल्या, पण तिनं मलाच बाजारातल्या मराठीत सांगितलं.

“तीन दिवस झोपूनच राह्यली मी, बाई. माय आली होती. मले मोहाच्या झाडाखाली बसवून केस विंचरून देत होती.”

मी तिच्यासमोर खाली बसले. चूक माझीच, एक लिहायची तिथं तीन लिहिल्या, असं सांगितलं.

“मंग आता माय येनार नाई?”

मी उरलेल्या गोळ्या परत घेतल्या, कोपर धुतलं, खाजेवर लावायचं मलम दिलं. आशाताई रोज जाऊन तिला पाहत राहिल्या. आठवड्याभरात ती पुन्हा रानात जाऊ लागली.

त्या दिवशी केंद्रात परतल्यावर भाऊंना म्हटलं, शंका आली की तिथल्या तिथं विचारत जा. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “शंका त्याच दिवशी आली होती, मॅडम. तुम्ही नव्या होत्या. कसं विचारू, वाटलं.”