जावयाचा जिताडा

लग्न ठरलं तेव्हा मला माशांतलं फक्त सुकट ओळखू यायचं. आमचं घर मूळचं देशावरचं. डोंबिवलीत दोन पिढ्या काढूनही पापलेट आणि हलवा यांत माझी गल्लत व्हायची. अशा माणसाला सासुरवाडी मिळाली ती थेट खाडीकाठची! तिथली रीत अशी, की दिवाळीला सासऱ्याने जावयाला जिताडा मासा द्यायचा. अंगठी राहिली तर चालतं. खाडीतला जिताडा राहिला तर सासऱ्याला गावात मान वर करता येत नाही.

पहिल्या पाडव्याला सासरे सकाळी सकाळी रिक्षातून उतरले, तेव्हा गोणपाटातून शेपूट बाहेर आलेलं. मासा ओट्यावर मावेना म्हणून मोरीत ठेवला आणि माझं अभ्यंगस्नान दुपारपर्यंत रखडलं. पण आधी त्यांनी तो दोन्ही हातांवर आडवा घेऊन माझ्यापुढे धरला, अंगठ्याने कल्ला उचलला आणि म्हणाले, "बघा जावईबापू, कसा लालभडक हाय. पहाटंचा हाय, आपल्या खाडीचा."

मला त्यातलं काय कळणार? मी तज्ज्ञासारखी मान डोलावली. जेवताना म्हणालो, "खाडीची चव काही वेगळीच." सासरे इतके खूश झाले, की पुढे दरवर्षी हेच वाक्य म्हणायचं असं मी ठरवून टाकलं.

मग मासा लहान होत गेला. मोरीतून ओट्यावर आला, ओट्यावरून परातीत. सासरे सांगायचे, जिताड्याची पिल्लं पावसाच्या पाण्याबरोबर खालून खाडीत चढतात. "आता पाऊस कवा ईल ते त्यालाच म्हाईत नाय, मंग पिलांना कसं म्हाईत असल? दिवालीतबी पडतो मेला. समिंदर तापलाय, खाडीचं पानी पायाला चटकं देतं. नि वरून तुमच्या डोंबिवलीचं रंगीत पानी हायेच."

'तुमच्या' म्हणताना ते माझ्याकडे असे बघायचे, जणू गटाराचं झाकण मीच उघडून आलेलो. मी पापड मोडत बसायचो. आमच्या मोरीचं पाणी तरी आणखी कुठे जात होतं?

एका दिवाळीला मासा अचानक पुन्हा मोठा झाला. सासऱ्यांनी नेहमीसारखा हातांवर धरला, कल्ला उचलला, आणि आतून बर्फाचा खडा निसटून माझ्या पायावर पडला. पहाटे खाडीतून काढलेल्या माशाच्या कल्ल्यात बर्फ! सासरे खड्याकडे बघत राहिले. बायकोने तो पटकन पायपुसण्याखाली सरकवला. मी म्हणालो, "अरे वा, काय ताजा आहे!"

आत गेल्यावर ती दबक्या आवाजात म्हणाली, "बाजारातला आहे. तळ्यात पोसलेला. मुकाट्याने खायचं आणि तुमचं ते वाक्य म्हणायचं."

म्हटलं. पुढची काही वर्षं म्हणत राहिलो. खरं सांगायचं तर मला हा तळ्यातला जास्त आवडायला लागलेला.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने घास चावता चावता विचारलं, "आजोबा, हा तळ्यातला ना? आपल्या मार्केटमध्ये थर्माकोलच्या खोक्यातून येतो तो. सेम लागतो."

"अगं, गप जेव," बायको म्हणाली.

पुढच्या दिवाळीला सासऱ्यांनी शेजाऱ्याची होडी मागून घेतली. त्यांची स्वतःची केव्हाच विकलेली. गुडघेही कामातून गेलेले. बायकोने फोनवर विचारलं, "बाबा, पाण्यात उतरत नाही ना?" तर म्हणाले, "नाय गं, मी कशाला जातोय?" आणि तीन पहाटा खाडीत काढल्या. पहिल्या दोन्ही पहाटांना जाळ्यात नुसत्या प्लास्टिकच्या पिशव्या.

पाडव्याला आले ते पायांवर चिखल आणि ओरखडे घेऊन. जिताडा वीतभर होता. कल्ला उचलून त्यांनी तो आधी नातीला दाखवला, मग मला. आत लाल नव्हतं, विटकरी तपकिरी होतं. "आपल्या खाडीचा," ते म्हणाले. आवाज मात्र पहिल्या वर्षीचा होता.

बायकोने कापला तेव्हा स्वयंपाकघरात रॉकेलचा वास सुटला. तिने खिडकी उघडली. कालवणात लसूण दुप्पट घातला, कोकम तिप्पट. मी म्हणालो, "तळलेले बोंबील आहेत ना, ते वाढ." तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी पाटावर जाऊन बसलो.

सासऱ्यांनी माझ्या ताटात मधली तुकडी स्वतः वाढली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी घास घेतला. लहानपणी रेशनच्या रांगेत रॉकेलचा डबा धरून उभा राहायचो, तो अख्खा डबा जिभेवर आला. गिळला. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीवर ढकलून म्हणालो, "खाडीची चव काही वेगळीच."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते खरं होतं.

सासऱ्यांनी स्वतःचा घास तोंडात टाकला. चावायचे थांबले. त्यांनी घास बोटांत काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि माझं ताट आपल्याकडे ओढलं.

"बास, जावईबापू. नका खाऊ."

"अहो, चांगला झालाय की."

"मी काय पयल्यांदा जिताडा खातोय?" मग नातीकडे वळून म्हणाले, "तू बोलली ते बरोबर होतं गं." ती रडायला लागली. उरलेलं कालवण बायकोने घट्ट पिशवीत बांधून खाली कचऱ्यात टाकून दिलं. आपण टाकलेलं पुन्हा खाडीतच जाणार, हे माझ्या मनात आलं.

यंदाच्या पाडव्याला सासरे हातात मिठाईचा खोका घेऊन आले. गोणपाट नाही, वास नाही. अभ्यंगस्नान कसं वेळेवर झालं. त्यांनी खोका दोन्ही हातांवर आडवा धरला, माझ्यापुढे केला आणि अंगठ्याने झाकण उचललं.

"बघा जावईबापू," ते म्हणाले. पुढचं काही त्यांना सुचेना.

मी वाकून बघितलं. काजूकतली होती.