बाबांच्या घोरण्याची कॅसेट

आपण घोरतो हे बाबांना मान्यच नव्हतं. नव्वदच्या दशकातली आमची नाशिक रोडची कॉलनी, भिंती इतक्या पातळ की शेजारच्या काकू सकाळी विचारायच्या, "काल इंजिन जोरात होतं, नाही?" तरी हे आपले ठाम, "मी? आणि घोरतो? काहीतरीच!" लासलगावला एका कांदा व्यापाऱ्याकडे ते हिशेब बघायचे. जाताना रेल्वेत डुलकी लागायची आणि अधूनमधून थेट मनमाडला पोचायचे. आम्ही म्हणायचो, केवढा सुखी माणूस! घरी आईची डाळ करपायची, त्यावर मात्र सगळे तोंडसुख घ्यायचे.

एका रविवारी जेवून ते आडवे झाले. आईही शेजारी टेकली. मी टेपरेकॉर्डर उशाशी ठेवला, बटण दाबलं आणि बाहेर गेले.

संध्याकाळी आत्या आली. बाबांची धाकटी बहीण, दवाखान्यात नर्स. चहा झाल्यावर मी कॅसेट लावली. चढावर ट्रॅक्टर चढावा तसा आवाज! बाबासुद्धा हसत सुटले. मध्येच सगळं शांत.

"डिझेल संपलं," मी म्हणाले.

मग बांगड्या किणकिणल्या आणि घर्रर्र करून गाडी पुन्हा चालू. आमची हसून पुरेवाट.

आत्या हसत नव्हती. "परत लाव." पुन्हा शांतता, पुन्हा बांगड्या, पुन्हा घर्रर्र.

"मध्ये टेप बंद केला होतास?"

"नाही गं."

"मग दादाचा श्वास बंद होता."

आत्या सांगू लागली, झोपेत घसा सैल पडतो, हवेची वाट बुजते. घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. म्हणूनच हा दिवसा पेंगतो. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे न्या.

रात्री आवाज थांबला की आम्ही 'सुटलो एकदाचे' म्हणून कूस बदलायचो. तेव्हा आमच्या बापाला श्वास मिळत नव्हता? आणि मी डिझेलचे विनोद करत होते!

"वहिनी, या बांगड्या तुमच्या?" आत्याने विचारलं.

आई खाली बघत म्हणाली, "आवाज थांबला की मला धस्स होतं. मग मी हलवते यांना."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू कधीच गेलं होतं. "अगं, मग तू झोपतेस कधी?"

आई कप गोळा करत उठली.

"तुम्ही सगळे गेलात की. डाळ उगाच करपते का?"