ओहोटीत अडकलेलं भजन

त्या वर्षी गणपती आणला तो डोक्यावर आणि राग नाकावर घेऊन. हिच्या छातीत गाठ झाली होती. बोटीने मुंबईला नेलं, विजेचे शेक दिले, कातडी करपली, आणि शेवटी डॉक्टर कपाटाकडे बघत म्हणाले, घरी न्या. माझ्याकडे बघून म्हणाले असते तर निदान भांडता आलं असतं. ते भांडण मग मी देवाकडे वळवलं. देवळात जाऊन असं गाऱ्हाणं घातलं की गुरव मध्ये ‘होय म्हाराजा’ म्हणायचंच विसरला. तसा माझा राग कुणी मनावर घेत नाही. मी शाळामास्तर. वर्गात ओरडलो की पोरं एकमेकांना कोपराने ढोसतात. देवानेही तेच केलं असावं.

डॉक्टरांनी घरात शांतता ठेवायला सांगितली होती. माझ्या हातात तेवढंच उरलं होतं, म्हणून ते मी दात-ओठ खाऊन पाळलं. गणपतीत आमच्याकडे वाडीवाडीतून भजनं येतात. सगळ्यांना बजावलं की यंदा आमच्या खळ्यात, दारच्या अंगणात टाळ वाजायचा नाही. आरती ओठातल्या ओठात, घंटेला फडकं बांधलेलं. वहिनी म्हणाली, गणपती पावणो इलो की सुतकात बसलो? मी तिच्यावरही ओरडलो, अर्थात हळू आवाजात. ही भिंतीकडे तोंड करून पडलेली असे, दातांत पदराची गाठ. कण्हण्यापलीकडे शब्द नाही. पेज भरवली तर ओठांवरून ओघळायची.

एका संध्याकाळी तोंडवलीकडची एक भजनमंडळी खाडीपलीकडे निघाली होती. ओहोटी लागली, होडी चिखलात बसली, वर पाऊस. आमच्या दारात दिवा दिसला म्हणून माणसं आत आली. परकी माणसं, त्यांना माझी ताकीद कुठून ठाऊक? आणि आमच्याकडची रीत अशी की भजनाची मंडळी गणपतीसमोर बसली की एक अभंग म्हटल्याशिवाय उठत नाही. मी मागे विहिरीवर होतो. पेटीचा सूर कानावर आला तशी कळशी टाकून धावलो, अंगावर ओला पंचा, पाय निसटतायत. तिथे काय काय बोललो ते लिहीत नाही. ‘चालते व्हा’ हे त्यातलं सर्वांत सभ्य होतं.

बुवांनी पेटी मिटली, हात जोडले. म्हणाले, “चूक झाली, म्हाराजा. घरात दुखणा आसा ह्या माहीत नव्हता. आमी उठतंव.”

तेवढ्यात खोलीतून तिचा आवाज आला.

“कित्याक थांबवल्यात त्यांका?”

मी दारात गेलो. तिने तोंड इकडे वळवलं होतं. “सगळा गप झाला की माका नुसता दुखणाच आयकाक येता,” ती म्हणाली. मग माझ्या पलीकडे बघून, “म्हणा, बुवानू. पण सावकाश. माका धाप लागता.”

मृदंगवाला उठला आणि मृदंग घेऊन खोलीच्या उंबऱ्याशी बसला. तिचं पांघरूण वर येई तशी त्याची थाप पडे. आधी भराभर, तिच्या धापेसारखी. मग त्याने थाप जरा लांबवली, आणि तिचा श्वास थापेच्या मागोमाग आला. पुन्हा लांबवली. पदराची गाठ दातांतून सुटली. भरती येईपर्यंत ते गात राहिले, आणि ती वाटीभर पेज प्यायली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला संतापच. मी उपास केले, नवस बोललो, घंटेचं तोंड बांधलं, तेव्हा देवा, तू गप्प. आणि पाठवलीस कोण, तर चिखलात रुतलेली माणसं! पाठवायचीच होती तर आधी का नाही?

दुसऱ्या दिवशी कळ पुन्हा उठली. मंडळी गेलेली. ती म्हणाली, “तुमी म्हणा.” माझा गळा सगळ्या वाडीला ठाऊक आहे. मी गाऊ लागलो तेव्हा वहिनी गोठ्यात जाऊन बसली. मी उंबऱ्याशी बसून पाटावर थाप देत होतो, डोळा पांघरुणावर. जरा वेळाने ती म्हणाली, “रागान म्हणतास. पण थाप बरी पडता.”

मग रोज दिवेलागणीला तेच. आजार हटला नाही. दुखणं तेवढ्यापुरतं मागे सरकून बसायचं, तीही कधी कधी ओळ पुरी करायची. गारठा पडू लागला तेव्हा एका संध्याकाळी पांघरूण खाली गेलं आणि परत वर आलं नाही. माझा हात वरच राहिला. थाप कुठे द्यायची ते कळेना.

त्या मंडळीचे उपकार मी विसरलेलो नाही, आणि त्या चिखलाचेही. शरण जायचं तर आधी राग टाकावा लागतो, असं मी समजत होतो. मला ते जमलं नाही. मी रागासकट त्या उंबऱ्याशी बसलो आणि देवाने बसू दिलं. अजूनही दिवा लागला की त्याच्याशी भांडतो. भांडून झालं की एक अभंग म्हणतो, सावकाश.