घेवड्याचे फुगलेले डबे

डावातल्या रश्शाचा थेंब तळहातावर घ्यायचा, चाटायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, “जिभेपरीस मोठं यंत्र न्हाई, मास्तर!” अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याला काय येत नाही, एवढंच त्यांना ठाऊक नसतं.

लढाईच्या दिवसांत सांगलीत पलटणीसाठी भाज्या डबाबंद करण्याचा एक कारखाना होता. मी वाईहून नुकताच बी.एस्सी. होऊन तिथे तपासनीस म्हणून लागलो होतो. असाच थेंब चाटणारा तिथला भट्टीचा मुकादम. कोरेगावकडचा, पलटणीत लंगर, म्हणजे शिपायांचं स्वयंपाकघर, सांभाळून आलेला. मिशीला पीळ, आणि अक्षराशी उभं वैर.

बंद डबे वाफेच्या भट्टीत पाऊण तास ठेवायचे, असा नियम. हा वीस मिनिटांत भट्टीचं झाकण उघडायचा.

“घेवड्याचा गाळ हुतो. शिपाई थुकंल माज्या नावानं.”

“अर्धवट वाफेनं साधे जंतू मरतात,” मी सांगायचो. “काही मात्र कवच धरून तग धरतात. मग डब्यात त्यांना रान मोकळं.”

“अर्धमेला म्हंजे मेलाच की! लय वाचता तुमी.”

भट्टीवरची माणसं खदखदून हसायची. मी मनात त्याला गाढव म्हणायचो. रोज.

आठवडाभरात एका घाण्याचे, म्हणजे एका वेळी भट्टीत घातलेले, डबे फुगले. मी ते सगळे बाजूला काढले आणि मालकांना कळवलं. हा तरातरा आला, सुरीनं एक डबा फोडला. फस्सकन वारा सुटला. सगळ्यांसमोर त्यानं दोन चमचे घेवडा खाल्ला.

“बगा! झकास हाय.”

अशा डब्यातलं विष काय करतं, हे मी वाचलेलं होतं. हात धरायला हवा होता. पण वाटलं, दोन चमच्यांनी असं काय होणार; होऊ दे दोन दिवस जुलाब, खोड मोडेल. मी हसलो सुद्धा.

जुलाब झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याला एकाचे दोन दिसू लागले. तिसऱ्या दिवशी घास गिळेना, आवाज गेला. त्या घाण्याचे सगळे डबे आम्ही खड्ड्यात पुरले, आणि मी दवाखान्यात गेलो.

तो उताणा पडला होता. श्वास तुटक. पापण्या मिटलेल्या, त्या उचलायचंही बळ उरलं नव्हतं. उशाशी बायको बसलेली.

“आवं, मास्तर आल्याती,” ती म्हणाली, आणि तिनं दोन बोटांनी हलकेच त्याच्या पापण्या वर धरल्या.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तिनं पापण्या सोडल्या नाहीत. शेवटी मीच नजर खाली वळवली.