दुहेरी टोपलीचा अर्ज

फुलं ताजी ठेवणाऱ्या बाबांच्या दुहेरी टोपलीच्या पेटंटचा अर्ज कलकत्त्याहून नामंजूर होऊन आला, तेव्हा मी अमरावतीला कॉलेजच्या पहिल्या वर्षात होतो. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच. ओलं पोतं जुनं, आंब्याची दुहेरी टोपलीही जुनी. दोन्ही एकत्र करणं कोणालाही सुचलं असतं, आणि गारवा तर ओल्या पोत्याच्या अंगचाच गुण, असं पत्रात होतं; उत्तर द्यायला मुदत दिली होती.

"अंगचा गुण?" बाबा म्हणाले. "मंग पोत्यातली शेवंती काळी काहून पडते? सायबाले म्हना, भातकुलीहून अकोल्याले एक खेप नेऊन पाय!"

ते बरोबर होतं. ओलं पोतं फुलांना टेकलं की फुलं आतून तापतात, कुजतात. बाबांनी ओलं पोतं बाहेरच्या टोपलीला गुंडाळून दोन टोपल्यांमध्ये दोन बोटं जागा सोडली होती, वाऱ्याला वाट दिली होती. नुसत्या जुन्या वस्तू जोडून ते साधत नव्हतं. पण याला पुरावा हवा, म्हणून मी अकोल्याला ताईकडे गेलो. तिच्या सासरी फुलांचाच धंदा.

ताईबरोबर तिथल्या फूलबाजारात पाहतो तर ओळीनं बाबांच्याच टोपल्या.

"ताई, ह्या कुठून आल्या?"

"पहिली बाबाईनं मलेच नाई का देल्ली, दसऱ्याले? नवी चीज आधी लेकीच्या घरी. एवढंई माईत नाई का, कॉलेजवाले भाऊ?" ती हसली. "मंग शेजारनीनं पाहून विनली, तिचं पाहून तिच्या जावेनं."

अर्ज आम्ही संक्रांतीनंतर केला होता. अर्जाआधीच लोकांच्या वापरात आलेल्या वस्तूला पेटंट मिळत नाही, हे मी नंतर कायद्याच्या पुस्तकात वाचलं होतं. टोपली आधी कोणाला दिली का, हे बाबांना कधी विचारलंच नव्हतं.

एका अडत्यानं आनंदानं लिहून दिलं : दसऱ्यापासून या टोपलीतली फुलं ताजी येतात, ओल्या पोत्यातली काळी. त्यानं तारीखही घातली.

घरी मी सगळं सांगितलं. टोपली अर्जाआधीच बाजारात होती हे कळलं तर पेटंट जाईल, हेही.

"हे त्याईले सांगनार कोन?" बाबांनी विचारलं.

"हाच कागद, बाबा."

"मंग नोको पाठवू."

कागदाशिवाय आमचं म्हणणं नुसतं तोंडी, आणि कागद जोडला तर अर्ज बुडाला. उत्तर मी चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. खोटं लिहिण्याची हिंमत नव्हती, खरं सांगण्याचीही नव्हती. मुदतीच्या शेवटच्या दिवशी राजापेठेतल्या पोस्टात उत्तराबरोबर अडत्याचा कागद पाकिटात घातला आणि पाकीट टपालात टाकलं. बाबांना सांगितलं नाही.

पुन्हा नकार आला. नकाराचं कारण दसऱ्यापासूनचा वापर हेच होतं; ते मी बाबांना वाचून दाखवलं नाही.

"सायबाले फुलातलं काई समजत नाई," बाबा म्हणाले.

मी हो म्हणालो.